काठोकाठ भरलेली बरणी

१

“गोड करून सांगू नकोस. जे असेल ते, जसं असेल तसं.”

माईचं हे बोलणं माझ्या कानात बसलं आहे, ते त्या दुपारपासून. आवाज म्हणावा असं तिच्यात फारसं उरलं नव्हतं. छातीच्या दुखण्यानं तिनं अंथरूण धरलं होतं, आणि डॉक्टरांनी औषधं बदलायचंसुद्धा सोडून दिलं होतं. खिडकीला लागून खाट, खाटेशेजारी स्टूल आणि स्टुलावर मधाची नवी बरणी.

“धाकट्यानं पाठवलीय, ट्रकवाल्याबरोबर,” थोरला म्हणाला. “बघ माई, कशी काठोकाठ भरलीय!”

माई माझी जुनी मैत्रीण. तिला हे दोनच मुलगे. वडलांच्या मागे दोघांनी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळल्या. मागचा हंगाम संपता संपता धाकटा बायकोशी भांडून निघून गेला आणि लांब कुठेतरी दुसऱ्याच्या पेट्यांवर कामाला लागला, असं थोरला सांगत असे. धाकट्याचा फोन नाही, चिठ्ठी नाही. अधूनमधून एक बरणी तेवढी यायची.

थोरला चहा टाकायला आत गेला, तशी माईनं माझं मनगट धरलं. “तुझा जन्म मध तपासण्यात गेला ना? मग विचार ह्या मधाला. माझा धाकटा आहे की नाही, एवढं मला जायच्या आधी कळू दे.”

“अगं, बरण्या येतायत की.”

“बरण्या येतात, आवाज येत नाही. आईवर चिडायला तरी माणूस फोन करतो.” तिला धाप लागली. “आणि मध हल्ली कडवट लागतो. थोरला म्हणतो, तुझ्याच तोंडाची चव गेलीय.”

मी तिची उशी सारखी केली. ती डोळे मिटून पुटपुटत राहिली. “राळेपासून जपत असेल ना गं तो?”

माश्या झाडांच्या कळ्यांवरून एक चिकट, तांबूस राळ आणतात आणि तिनं पेटीच्या फटी लिंपतात. ती हाताला लागली की धाकट्याला फोड यायचे. म्हणून माईनं त्याला कोपरापर्यंतचे हातमोजे शिवून दिले होते, आतून मऊ अस्तर लावून. ते घातल्याशिवाय तो पेटीचं झाकणही उचलत नसे.

“हातांचं सगळ्यांना माहीत आहे,” माई हळूच म्हणाली. “पण लहानपणी एकदा त्यानं राळेची कांडी चोखली होती. ओठ हे एवढे सुजले, श्वासाला शिट्टी लागली. ह्यांना मी बोलले नाही. बोलले असते तर पोराला पेट्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नसतं, आणि त्याचा तर सगळा जीव माश्यांत. म्हटलं, हाताला खाज येते. तेवढंच सांगितलं सगळ्यांना.”

आतून कपबश्यांचा आवाज आला. माईनं मनगट सोडलं नाही.

“शब्द दे.”

मी देवाचं नाव घेऊन शब्द दिला. आदल्या दोन बरण्या तिच्या कपाटात तळाशी थोडा मध धरून होत्या. त्या आणि ही नवी, तिन्ही पिशवीत घातल्या. दाराशी थोरल्यानं विचारलं, “मावशी, मध कशाला नेताय?”

“माईला कडू लागतो म्हणे. बघते.”

त्याच्या हातातल्या बशीवर चहा सांडला.

२

मी निवृत्त झाले तरी प्रयोगशाळेतल्या मुली मला अजून यंत्रापाशी बसू देतात. खोली तीच, खिडकीखालचं बेसिन तेच, आणि मधाच्या शेकडो नमुन्यांमुळे भिंतींनी धरलेला तो गोडसर वासही तोच.

मधात साखर असते हे कुणीही सांगेल. त्या साखरेच्या आड कितीतरी सूक्ष्म पदार्थ दडलेले असतात. त्यांतलंच एक पिनोसेंब्रिन. झाडं आपल्या कोवळ्या कळ्या जपायला जे काही बनवतात, त्यात हे असतं. तिथून राळेत येतं, राळेतून पोळ्यात आणि पोळ्यातून इवलंसं मधात. शरीरात पेशींना गंज चढल्यासारखी जी झीज होते ती ते रोखतं, असं अभ्यासक म्हणतात. देवानं किती बारीक ठिकाणी काय काय ठेवलंय, म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

आमच्या भागातल्या फुलांच्या मधात ते जेमतेम चाहूल लागण्याइतकंच सापडतं. माईच्या बरणीतल्या मधाचा आलेख कागदावर उमटायला लागला, आणि पिनोसेंब्रिनच्या जागी रेघ जी वर चढली ती कागदाच्या कडेला जाऊन टेकली. तिच्या आजूबाजूला राळेतल्या बाकीच्या पदार्थांचीही टोकं उभी होती. माश्यांनी एवढी राळ मधात कधीच कालवली नसती. कुणीतरी राळेचा कडक अर्क काढून तो मधात ओतला होता. कडवटपणा माईच्या तोंडाचा नव्हता.

मग उरलेल्या दोन बरण्या लावल्या. आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले.

तीन रेघा दिसायला हव्या होत्या. दिसत होती एकच.

मध असा कधी नसतो. आजच्या फुलांचा वेगळा, पुढच्या बहराचा वेगळा. एकाच पेटीचे दोन मधसुद्धा जुळ्या भावंडांसारखे दिसले तरी आईला ओळखू येतात. वेगवेगळ्या ऋतूंत लांबून आलेल्या ह्या तिन्ही बरण्या एकाच पिंपातून भरलेल्या होत्या, आणि राळेआडची फुलांची खूण आमच्याच भागातली होती.

म्हणजे लांबून काही येतच नव्हतं.

३

मधाच्या व्यापाऱ्याला लोक मागून ‘चिकट्या’ म्हणत. एकदा बोलायला लागला की माणूस सुटत नसे. दुकानात फळीवर फळी बरण्यांची, आणि प्रत्येक बरणीवर सोनेरी अक्षरांत ‘पिनोसेंब्रिनयुक्त’.

“या या, मॅडम! तुमच्यामुळे तर आम्हाला हा शब्द कळला. आता गिऱ्हाईक येतं ते मध मागतच नाही. म्हणतं, ते ‘पिनो’वालं द्या. हृदयाला चांगलं, मेंदूला चांगलं. माझी सासू रोज दोन चमचे घेते, आता तिला माझे सगळे जुने गुन्हे लख्ख आठवतात.”

मला हसू आलं नाही. “दोघा भावांकडून तुम्ही काय मागितलं होतं?”

“मध. दुसरं काय मागणार?”

“आणि पिनोसेंब्रिनचा आकडा?”

त्यानं फडक्यानं उगाच काउंटर पुसला. “हे बघा, मी कुणाला काही मिसळ म्हटलेलं नाही. मी एवढंच म्हणालो, तुमचा आकडा कमी पडतोय, दुसऱ्यांचा जास्त येतो. आता त्यावर कुणी काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं. मी काही त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसत नाही.”

“कुणाला म्हणालात? थोरल्याला की धाकट्याला?”

“दोघांच्या समोर. थोरला गप्प बसला. धाकटा फटकळ, तो म्हणाला, आकडा माश्यांना जाऊन सांगा.” चिकट्या पुढे झुकला. “मला विचाराल तर तो धाकटाच लबाड. हंगामाचं शेवटचं पिंप भरतोय, उद्या पाठवतो, असं त्यानं स्वतः फोनवर सांगितलं. पिंप आलं नाही आणि हाही गायब. थोरल्याला विचारलं तर म्हणतो, ते पिंप विसरा. माल तयार असताना कुणी असं म्हणतं का हो?”

मी पायरी उतरले तरी मागून त्याचं चालूच होतं. भरलेलं, मागणी असलेलं एक पिंप शेडमधून बाहेर पडलंच नव्हतं.

४

धाकट्याची बायको दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. वाफेनं भरलेली खोली, भिंतीपाशी पांढऱ्या चादरींचे ढीग. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

“तुम्हीही त्यांच्याच बाजूच्या. या, तुम्हीही ऐकवा. माझ्या तोंडाला कंटाळून गेले म्हणे हे.”

“मी ऐकवायला नाही, ऐकायला आलेय.”

तिनं आणखी एक चादर झटकली. मग ती म्हणाली, “भांडण झालं ते खरं. हे म्हणाले, दादा त्या आकड्याच्या नादानं बिघडत चाललाय. मी म्हटलं, मग वेगळे व्हा. तर म्हणाले, दादाला सोडून मी कुठं जाऊ? मी रागानं माहेरी आले. दादाला सोडवेना ज्याला, तो आईला सोडून गेला, आणि हे मी खरं मानायचं?”

“तुला बरणी येते का?”

“एकदा आली होती. मोठ्या भाऊजींनी आणून दिली. मी उघडलीच नाही.” तिनं चादरीची कड दातात धरून घडी जुळवली, मग काढून म्हणाली, “राग आला. काठोकाठ भरलेली होती.”

“त्याचा राग कशाला?”

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली. “तुम्हाला माहीत नाही? सासऱ्यांची शिकवण होती. मध पिंपात भरा की बरणीत, झाकण लावण्याआधी पहिला चमचा भरणाऱ्यानं स्वतः खायचा. जे आपल्या जिभेवर ठेवलं नाही ते दुसऱ्याच्या घरात द्यायचं नाही. ह्यांची बरणी नेहमी चमचाभर उणी असायची. मी चिडवायची, चोर आला बघा. ते म्हणायचे, चोर नाही, जामीन.” तिनं पुढची चादर ओढली. “मी म्हटलं, आता मला चमचाभर मधाचीही ओळख ठेवायची नाही ह्यांना.”

मी निघाले तेव्हा तिनं विचारलं, “मावशी, हे आहेत ना?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उत्तर माझ्याकडे होतं बहुधा, पण अजून मी ते मोठ्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

परतताना भावांच्या शेडवरून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मधयंत्र धुऊन पालथं घातलेलं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली पिंप, निम्म्याहून रिकामं. बोट लावून चाखलं, कडू. वर भिंतीला खिळा आणि खिळ्याला धाकट्याचे हातमोजे, माईच्या हातचे, बोटांच्या टोकांशी दुहेरी शिवण घातलेले.

मी तिथंच उलट्या घमेल्यावर बसले. कामासाठी परमुलुखी गेलेला माणूस एक वेळ चपला विसरेल, पण हातमोजे नसले तर दुसऱ्याच्या पेटीला तो हात कसा लावणार होता?

धाकटा कुठेही गेलेला नव्हता.

बाकीचं मग आपोआप सुटत गेलं, हिसडा न देता निघणाऱ्या दोऱ्यासारखं. अर्क धाकट्यानं काढलेला नाही, त्याच्या हातांना राळ चालतच नव्हती. चिकट्या शेडची पायरी चढत नाही. सून तोवर माहेरी गेलेली. तरी पिंप भरलं ते धाकट्यानंच, त्यानं तसं फोनवर सांगितलं होतं. आपण भरतोय त्यात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. आणि झाकण लावण्याआधी त्यानं वडलांची शिकवण पाळली असणार.

लहानपणी कांडी चोखली तर ओठ सुजले होते. हा तर कडक अर्क होता.

मी खिळ्यावरचे हातमोजे काढून घेतले. घरी जाताना थोरल्याकडे निरोप ठेवला, सकाळी येऊन जा.

५

सकाळी मी देवापुढे दिवा लावते आणि तो शांत होईपर्यंत बोलत नाही. माझा पुष्कळ वर्षांचा नेम आहे तो. थोरला येईल तोवर नेम संपेल असं वाटलं होतं. तो लवकर आला.

“मावशी, देवाशी बोलणं चाललंय वाटतं. चालू दे, मी रांगेत उभा राहतो.” तो हसला, आणि त्याची नजर टेबलावर गेली.

टेबलावर मी मुद्दाम काही मांडलं नव्हतं. सगळं कालच्यासारखंच पडलं होतं. काठोकाठ भरलेली माईची बरणी, कारण तपासणीला काढलेला थेंब तिच्यात दिसूनही येत नव्हता. शेजारी हातमोजे, आणि न्याहारीसाठी ठेवलेला चमचा.

तो आधी हातमोज्यांकडे बघत राहिला. “हे… हे विसरून गेला तो. नवीन घेईन म्हणाला.”

दिवा अजून जळत होता, तोवर मी बोलू शकत नव्हते.

“माझ्याकडे असं बघू नका. बरणी भरून पाठवतो तो. भरूनच येते.” त्यानं बरणी उचलली, काठाकडे पाहिलं. चमच्याकडे पाहिलं. बरणी परत टेबलावर ठेवली. “पहिला चमचा,” तो म्हणाला. “मी नाही खाऊ शकलो, मावशी. तोंडापर्यंत न्यायचो आणि…”

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. दिव्याची वात सरळ जळत होती.

“मी म्हटलं, राळ काय, माश्यांचीच तर. विष थोडंच घालतोय? आकडा वाढेल, चिकट्याचं तोंड बंद होईल. त्याला सांगितलं असतं तर त्यानं पिंप उलथं केलं असतं. म्हणून नाही सांगितलं. त्यानं भरलं, चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, दादा, हा कडू का लागतोय?”

खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल करकरत गेली.

“तेवढंच बोलला. मग त्याच्या गळ्यातून शिट्टीसारखं काहीतरी यायला लागलं. मी पाणी दिलं, पाठ चोळली. उचलून रस्त्यापर्यंत आणला. रस्त्यावर कुणी नव्हतं, मावशी. खांद्यावरच गेला तो.”

त्यानं पुढचंही सांगितलं. नदीकाठी पेट्यांची रांग आहे, तिच्यातली शेवटची पेटी तो कुणाला उघडू देत नाही. ती पेटी धाकट्यावर ठेवली आहे. माईला उद्या सांगू असं त्या दिवशी वाटलं. मग उद्याही तसंच वाटलं. मग तिनं विचारलं, धाकट्यानं काही पाठवलं नाही का रे, आणि त्यानं बरणी भरली.

“दुसरा मध देता आला असता. पण म्हटलं, निदान हा तरी त्याच्या हातचा आहे. तेवढं तरी खोटं नको.”

मग तो रडला. मोठा माणूस रडतो तेव्हा आधी चेहरा लपवतो, ह्यानं लपवला नाही. “मला हातांचंच माहीत होतं हो! हाताला खाज येते, एवढंच. माईनं एवढंच सांगितलं होतं. पोटात गेली तर जीव जाईल हे कुणी सांगितलं असतं तर त्या अर्काला मी…”

वाक्य तिथंच राहिलं. माझ्या छातीत मात्र ते पुढे चालत गेलं आणि माईच्या खाटेपाशी जाऊन थांबलं.

दिवा शांत झाला.

६

“तू आत्ता चौकीत जा,” मी म्हणाले. इतका वेळ गप्प राहून माझाच आवाज मला परका वाटला. “धाकट्याच्या बायकोलाही सांग, पण आधी चौकी.”

“जातो. कुठंही जातो. पण माईला नका सांगू. चार दिवसांची सोबत आहे तिची. तिला जाऊ द्या, मग मला फाशी द्या हवं तर.” त्यानं माझे पाय धरले. “निदान एवढंच सांगा की तो गेला. आजारानं गेला म्हणा. राळेचं नका सांगू.”

मी त्याला उठवलं. दाराबाहेर जाईपर्यंत तो मागे वळून बघत होता, लहान असताना दोघं खाऊ मिळेल म्हणून बघायचे तसा.

तो गेल्यावर मी देवापुढे बसले. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं की माझ्याकडून घेतलेला शब्द काढून घे. वातीचं काळं टोक तेवढं समोर होतं.

पिनोसेंब्रिनचा ह्यात काही दोष नाही. ते कळ्या जपायला जन्मलेलं. चिकट्याच्या फळीवरच्या सोनेरी अक्षरांना कुणी हात लावणार नाही, तो म्हणेल मी फक्त आकडा म्हणालो, आणि ते खरंच आहे. थोरला चौकीत बसेल. सुनेला कळेल की तिचा नवरा तिच्यावर रुसून गेला नव्हता, आणि ते कळून काय करायचं हे तिला कळणार नाही.

आणि माई. धाकटा आहे की नाही, एवढंच तिनं विचारलं होतं. नाही, एवढंच सांगून भागलं असतं. पण ‘कसा गेला’ हे ती विचारणार. मी तिला ओळखते. मग राळेचं सांगावं लागेल, आणि राळेचं सांगितलं की ती स्वतःच मागे मागे जात जाईल, कांडी चोखणाऱ्या पोरापर्यंत, हाताला खाज येते तेवढंच सांगितलेल्या त्या दिवसापर्यंत. मी वाटेत कुठंही थांबले तरी ती तिथवर पोचणार. आजारानं गेला, असं मी म्हणू शकले असते. माझी जीभ त्या शब्दांवर दोनदा जाऊन परत आली.

“गोड करून सांगू नकोस.”

मी उठले. बरणीचं झाकण उघडलं. चमचा बुडवून पहिला घास तोंडात घातला आणि गिळेपर्यंत तोंड मिटून उभी राहिले. आधी गोड लागला, मग घशापाशी कडू, आणि तो कडूपणा पाणी प्यायल्यावरही गेला नाही.

झाकण घट्ट लावलं. बरणी आता चमचाभर उणी होती. हातमोजे घडी करून तिच्या शेजारी पिशवीत ठेवले, चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि माईच्या घराकडे चालू लागले.